वाजेल ती पट्टी

वहिनीचं पत्र तात्यांनी टेबलाच्या खणात, डाग द्यायच्या सोल्डरच्या रिळाखाली सरकवून ठेवलं होतं. उत्तर न दिलेलं पत्र डोळ्यांसमोर असलं की घास घशाखाली उतरत नाही, म्हणून. पण सोल्डर तर त्यांना रोजच लागायचं.

पत्र लहान होतं. तात्यांचे थोरले भाऊ, दादा, यांची अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. पुढच्या खोलीत त्यांचं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन होतं. डाव्या हाताने ते तेवढं खेळायचे. तेवढा वेळ माणूस माणसात असायचा. मग उंदरांनी मशीनमधल्या वायरी कुरतडल्या आणि प्लगचा भुगा केला. 'भाऊजी, आतला सर्किट बोर्ड तुम्हा दोघांच्याच हातचा आहे. कुठली वायर कुठे जोडायची, तेवढं लिहून पाठवा. हे काळ्या पडद्यासमोर नुसते बसून असतात. जेवणावरची वासनाच उडाली आहे.' सोबत बोर्डाचे दोन फोटो होते, पुढून एक आणि मागून एक.

तेवढं लिहून पाठवा! वहिनीला काय सांगायचं?

एके काळी दोघा भावांनी एका खोलीत बसून मोठ्या कंपन्यांच्या गेमचे बोर्ड हुबेहूब नकलून विकले होते. कंपनीच्या बोर्डाच्या कडेला प्लग बसायला तांब्याच्या पट्ट्या असतात. त्यांतली कुठली पट्टी कशाची, हे ठरलेलं असतं. पण आपण चोरलेला माल दुसऱ्या चोराने चोरू नये, म्हणून दादा प्रत्येक खेपेला पट्ट्यांचा क्रम फिरवायचे. वर चिपांवरचे नंबरही घासून काढायचे. कुणी आपला नेहमीचा प्लग खुपसला की बोर्डातून धूर. दादा हसून म्हणायचे, "चोरी पचली नाही बिचाऱ्याला." नवा क्रम ते कुठे लिहूनही ठेवत नसत. तो त्यांच्या डोक्यात असायचा. अजूनही असेल; पण बाहेर यायची वाट बंद झाली होती.

तात्या भिंग घेऊन फोटोंवर वाकायचे. ग्राउंडची, म्हणजे विजेच्या परतीची, रुंद रेघ कडेकडून निघायची आणि चिपेखाली गडप व्हायची. पलीकडून तीच बाहेर आली की दुसरी, कोण सांगणार? बारा व्होल्टची वायर भलत्या पट्टीला लागली तर सगळा बोर्ड क्षणात खलास, आणि दुसरा जगात कुठे शिल्लक नाही. ते कागदावर पट्ट्या आखायचे, नावं लिहायचे, खोडायचे. पत्राला सुरुवात करायचे आणि 'ती. सौ. वहिनींस' यापुढे हात हलायचा नाही. दादांना सगळं येत होतं, आपण नुसते डाग देणारे, हे तात्यांच्या मनाने केव्हाच घेतलं होतं.

अशात वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, पत्र मिळालं ना?"

"हो, म्हणजे... लिहितोच आहे."

"लिहू नका आता. चौकातला टीव्हीवाला मेकॅनिक या आठवड्यात येतो म्हणालाय. म्हणतो, सगळे बोर्ड सारखेच असतात, नवा प्लग लावून देतो."

"नको! वहिनी, त्याला हात लावू देऊ नका!"

"मग मी करू काय?" वहिनीचा आवाज चिरकला. "काल ह्यांनी ताट भिरकावलं. रोज माझ्याकडे बघतात, जशी मीच वायरी खाल्ल्यात. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, भाऊजी, पण काहीतरी म्हणा."

"पाठवतो. टीव्हीवाल्याला थांबवा. पाठवतो," एवढंच तात्या म्हणाले. काय पाठवणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. फोन ठेवून ते टेबलाशी आले आणि डोकं धरून बसले.

बायको दारात उभी होती. "अहो, मग विचारा ना दादांनाच."

"त्याला बोलता येत नाही, विसरलीस?"

"तुम्ही दोघं कधी बोलायचात? दिवसभर खोलीतून नुसतं पीं, पीं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सासरी पक्षी पाळलाय."

तात्यांनी डोकं वर केलं.

पीं. टेस्टरचा आवाज. एकाने चिपेच्या पायावर एक टोक धरायचं, दुसऱ्याने कडेच्या पट्ट्यांवरून दुसरं टोक फिरवायचं. जोड असेल तिथे वाजणार. चिपेचा पाय तात्या धरायचे; कुठला पाय कशाचा, हे त्यांना अजून पाठ होतं. पट्ट्यांवरून फिरणारा हात नेहमी दादांचा असायचा, आणि दादा मुळात डावखुरे.

त्यांनी कागद ओढला. 'ती. सौ. वहिनींस,' आणि या वेळी हात थांबला नाही.

'मला क्रम माहीत नाही. हे सांगायची लाज वाटली, म्हणून इतके दिवस गप्प राहिलो. माझा टेस्टर पाठवतो आहे. मशीनची पिन भिंतीतून काढा. बोर्ड दादाच्या मांडीवर ठेवा. सोबतच्या फोटोत मी खूण केलेली चिप बघा. तिची खाच डावीकडे आली, की खालच्या ओळीतला उजवीकडचा शेवटचा पाय ग्राउंडचा. काळं टोक तुम्ही त्यावर धरा. लाल टोक दादाच्या हातात द्या. तुम्ही काही सुचवू नका, त्याला फिरवू द्या. वाजेल त्या पट्टीवर काळा ठिपका काढा. पाच आणि बारा व्होल्टचे पायही असेच खूण करून दिले आहेत; त्यांचे ठिपके वेगवेगळ्या रंगांचे काढा. ठिपके काढून झाले की मला फोटो पाठवा, मग प्लगचं सांगतो. बाकीच्या वायरी चुकल्या तरी बोर्ड जळत नाही. फार तर डावीकडे दाबल्यावर पडद्यावरचा गडी उजवीकडे पळेल. दादा शिव्या देईल. देऊ द्या.'

टेस्टर त्यांच्याकडे एवढा एकच होता. दुरुस्तीला आलेले दोन रेडिओ टेबलावर उघडे पडले होते. तात्यांनी टोकं एकमेकांना लावून तो शेवटचा वाजवून पाहिला आणि बायकोच्या जुन्या ओढणीत गुंडाळला.

पोस्टातल्या कारकुनाने पुडकं हातात घेतलं तोच ते आतून वाजलं.

"काय हो, जिवंत काही आहे का आत?"

"टोकं चिकटली असतील," तात्या ओशाळून म्हणाले. ओढणी सोडून त्यांनी टोकांना चिंधी बांधली, पुडकं पुन्हा आवळलं आणि पत्ता नीट वाचता येतो ना, हे परत पाहिलं. "लवकर पोचेल ना? तिकडे वाट बघताहेत."

"सगळेच बघतात, आजोबा," कारकून म्हणाला आणि शिक्का मारून त्याने पुडकं पोत्यात टाकलं.