इंजिनाचं तीर्थ

पुरुषोत्तमअण्णांच्या फाटकापासून रांग थेट कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलापर्यंत गेली होती. राजाजीनगरातल्या त्या गल्लीत एवढी माणसं अण्णा गेले तेव्हाही जमली नव्हती. पोर्चमध्ये अण्णांची जुनी पांढरी गाडी झेंडूच्या माळांखाली उभी होती. इंजिन चालू होतं, बॉनेट उघडं होतं आणि गाडीखाली पितळी परात ठेवली होती. चालकाच्या जागेवर, शेजारी दक्षिणेची थाळी ठेवून, मांडी घालून बसलेले रघुनंदनस्वामी मंत्र म्हणत होते.

"भक्तहो, माणूस गेला तरी त्याची ओढ जात नाही," मध्येच थांबून ते म्हणाले. "अण्णांचा जीव या इंजिनात होता. स्वल्प थांबा. मंत्र पुरा झाला की इंजिनाला पान्हा फुटेल."

आणि फुटला. परातीत टप्पकन गुलाबी थेंब पडला, मग दुसरा, मग धार. तापलेल्या नळीवर काही थेंब चर्र झाले आणि गोडसर वाफ पोर्चभर पसरली. बायकांनी पदर डोक्यावर घेतले.

बोम्मसंद्र्याहून आलेली अण्णांची मुलगी आसावरी रांगेतून वाट काढत आत शिरली. ती तिथल्या रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत असे. आई सकाळपासून फोन उचलत नव्हती.

आई, श्यामला, पाटावर बसून डोलत होती. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड.

"ते आलेत आसू," ती म्हणाली. "तीर्थ गोड लागतं बघ. त्यांनाच माझं गोडाचं वेड ठाऊक."

"अंगात आलंय श्यामलाच्या, हात लावू नकोस," शेजारच्या कृष्णवेणीअक्कांनी दटावलं. "चार दिवस तीर्थावर आहे ती. अन्नाचा कण नाही. आम्हाला पळीभर मिळतं, तिला घरधनीण म्हणून वाटीभर."

आसावरीनं आईच्या तोंडाशी वाकून वास घेतला. दारूचा वास नव्हता, तरी डोलणं दारू प्यायल्यासारखं होतं. श्वास भरभर चालला होता.

"आई, लघवीला कधी गेली होतीस?"

"काल... की परवा? कंबर फार दुखते गं."

फाटकाबाहेर गटाराच्या कडेला गल्लीतलं तांबडं कुत्रं ताठ होऊन पडलं होतं. परातीतून सांडलेलं ते रोज चाटायचं, असं आसावरीला कोणीतरी कौतुकानं सांगितलं. "मुक्या जनावरालाही मोक्ष मिळाला, पाहा."

तिनं परातीतलं पाणी बाटलीत घेतलं. बोटांना ते बुळबुळीत लागलं. मग तिनं आईला उठवलं.

"या पायरीवरून नेलंत तर अण्णांचा आत्मा कोपेल," स्वामी गाडीतून म्हणाले. "माझी जबाबदारी नाही."

"हे बोललात ते लक्षात ठेवा," आसावरी म्हणाली. "रिक्षा बोलवा कोणीतरी."

इस्पितळात डॉक्टर रूपश्रींनी बाटली उजेडात धरली आणि रक्ताचा अहवाल पुन्हा वाचला. रक्तात आम्ल साठलं होतं. मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती.

"हे त्यांनी प्यायलंय? किती?"

"वाटीभर. रोज."

"हे गाडीचं कूलंट आहे, इंजिन थंड ठेवायला घालतात ते. चवीला गोड आणि जहाल विषारी. आधी माणूस झिंगतो, मग मूत्रपिंडात बारीक स्फटिक धरतात. त्यांच्या लघवीच्या थेंबात ते स्फटिक दिसताहेत. काल आणलं असतं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि डायलिसिसची तयारी करायला सांगितली.

काल. काल आई फोनवर अडखळत बोलली होती आणि उपासाचा थकवा असेल असं समजून आसावरीनं फोन ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाहेरच्या खोलीतली वडिलांची हत्यारांची पेटी उघडली. रविवारी अण्णा गाडी उघडायचे तेव्हा लहानपणी बॅटरी धरायचं काम तिचं असे. भिंतीवरच्या खिळ्याला एक पाकीट लटकत होतं. त्यात सांध्यातून पाणी गळू नये म्हणून बसवतात ते नवं गॅस्केट होतं, तळहाताएवढं, पुठ्ठ्यासारखं. आणून ठेवलं आणि बसवायच्या आधी माणूस गेला.

तिनं रेडिएटर रिकामा केला आणि आतलं गुलाबी पाणी डब्यात बंद केलं. इंजिनाच्या डोक्याशी, जाड रबरी नळी जिथे जोडलेली असते, तिथलं धातूचं झाकण तिनं पान्यानं सोडवलं. जुनं गॅस्केट एका कडेला कुजून तुटलं होतं. त्याचे चिकटलेले तुकडे तिनं बोथट पात्यानं खरवडले, धातू कोरडा पुसला, नवं गॅस्केट बसवलं आणि बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलं.

"अण्णांच्या गाडीला का हात लावतेस गं?" कुंपणापलीकडून कृष्णवेणीअक्का म्हणाल्या.

"बाबांचंच राहिलेलं काम आहे अक्का."

स्वामी आले तेव्हा रांग लागलेली होती. रोजच्यासारखा कलश घेऊन ते रेडिएटरला 'अभिषेक' करायला निघाले.

"आज अभिषेक मी केलाय," आसावरी म्हणाली. "तुम्ही मंत्र म्हणा."

इंजिन सुरू झालं. मंत्र संपला. परात कोरडी होती. मंत्र पुन्हा झाला. काटा तापल्याची खूण दाखवू लागला, पंखा घरघरला, पण थेंब पडला नाही.

"बाईमाणसाच्या हातानं विटाळ झाला," स्वामी म्हणाले. "देव रुसला."

रांग चुळबुळली. कोणी आसावरीकडे रागानं पाहिलं. कृष्णवेणीअक्का मात्र मनापासून कळवळल्या. घरात जाऊन त्या देव्हाऱ्यातला तांब्या घेऊन आल्या.

"कालचं आहे स्वामी. आधी तुम्ही घ्या, म्हणजे देव निवळेल."

"नको. आज माझा उपास आहे."

"तीर्थाला कसला उपास?" अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अजून शंका नव्हती. "श्यामला उपासातच घेत होती की. पळीभर तरी घ्या."

स्वामींनी हात मागे घेतला. अक्का पळी पुढे धरून उभ्याच राहिल्या. मग त्यांनी पळी परत तांब्यात ठेवली.

"तुम्ही एकदाही घेतलेलं नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मी रोज पुढेच बसते. एकदाही नाही."

आसावरीनं गाडीची डिकी उघडली. मागच्या बाजूला पोत्याखाली कूलंटचा डबा होता, अर्धा संपलेला. त्यावर कवटीचं चित्र होतं.

"होसकोट्याला जुन्या गाड्यांची दलाली करायचात ना?" रांगेतला एक रिक्षावाला स्वामींना म्हणाला. "पहिल्याच दिवशी ओळखीचे वाटलात. पण म्हटलं, दाढी आलीय, तर ज्ञानही आलं असेल."

आसावरीनं जुनं गॅस्केट सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"ही फट. इंजिन तापलं की पाण्याचा दाब वाढतो आणि ते इथून गळतं. तापायला जेवढा वेळ लागतो, तेवढा लांब यांचा मंत्र. गळून कमी झालेलं कूलंट हे स्वामी रोज कलशातून भरायचे. आईच्या अंगात कोणी आलं नव्हतं, तिला विष चढलं होतं. ज्यांनी पळीभरही घेतलंय त्यांनी आत्ता इस्पितळात जाऊन तपासून घ्या. लाजू नका."

रिक्षावाल्यानं पोलिसांना फोन केला, फाटक लावून घेतलं आणि ते येईपर्यंत त्याला पाठ टेकून उभा राहिला.

श्यामला जगली. मूत्रपिंडं पुन्हा चालू झाली नाहीत. आता आठवड्यातून तीनदा तिला यंत्राला जोडतात, आणि दिवसभरात किती पाणी प्यायचं ते डॉक्टर ठरवतात. तहान लागली की ती बर्फाचा खडा चघळते.

मध्यंतरी एक दूरचे नातेवाईक भेटायला आले. सोबत लहानशी बाटली होती. "जागृत देवस्थानाचं तीर्थ आहे," ते म्हणाले. "श्रद्धेनं घ्या, गुण येतो."

श्यामलानं बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली.

"यात काय आहे?" तिनं विचारलं.

"असं विचारू नये वहिनी."

"विचारावं," ती म्हणाली, आणि बाटली त्यांच्या हातात परत ठेवली. "मी विचारलं नाही. गल्लीतल्या कुणीच विचारलं नाही. तुम्ही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तोंडाला लावू नका."