चादरीमागचा अ‍ॅम्प्लिफायर

“आई, नीट ऐक हं. चादरीमागे एक तुझा महागाचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, एक आपला जुना. स्पीकर तेच, गाणं तेच. कोणता वाजतोय ते सांगायचं. ओळखलंस तर राहील, नाहीतर आजच दुकानात परत.”

माझ्या नवऱ्याने न्यायाधीशाच्या थाटात जाहीर केलं. समोर खुर्चीत सासूबाई. सगळी नोकरी त्यांनी कापडाच्या गिरणीत, मागाच्या खात्यात काढली. तिथल्या खडखडाटाने कान जड झाले, आणि निवृत्त झाल्यावर बाईंनी कुणालाही न विचारता, स्वतःच्या पैशांनी, दुकानातला सगळ्यात महाग अ‍ॅम्प्लिफायर घरी आणला. तेव्हापासून नवऱ्याचा जीव खालीवर होत होता. दोन्ही सारखेच वाजतात, हे त्याचं ठाम मत. फरक मलाही कळत नव्हता, पण मी सासूबाईंच्या बाजूची.

मला साक्षीदार नेमून सासूबाईंच्या खुर्चीमागे उभं केलं होतं. वायर बदलली की नवरा चादरीवरून डोकं काढायचा आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी मला सांगायचा, ‘जुना’ किंवा ‘नवा’.

“जुना,” सासूबाई म्हणाल्या. बरोबर!

“नवा.” तेही बरोबर.

“परत नवाच. आईला फसवतोस काय रे?”

नवऱ्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्याने हात टेकले. “जिंकलीस. एवढं ऐकू येत असेल तर ठेव बाई.”

मी टाळ्याच वाजवणार होते. पण सासूबाई खुर्चीत ताठ झाल्या.

“मला काडीचा फरक कळला नाही. तुझे ओठ वाचले मी. आमच्या खात्यात ओरडून उपयोग नसायचा, सगळ्या ओठांवरूनच बोलायचो.”

“म्हणजे फसवलंस!”

“हो. मग वाटलं, मी का म्हणून फसवू? ऐकू आलं तरच ठेव, ही तुझी अट. मी कधी कबूल केली?”

“अगं, पण फरकच नाही तर एवढे पैसे कशाला?”

“हौसेला मोल नसतं. जन्मभर खडखडाट ऐकून पगार घेतला. त्यातून एक वस्तू सगळ्यात चांगली घ्यायची होती, घेतली. पैसे फुकट गेले असतील तर माझे गेले. तो कुठंही जाणार नाही.”

ऐकून मला अभिमान वाटला.

नवरा चादरीची घडी घालू लागला. नव्यावर गाणं चालूच होतं.

“यात मागं काहीतरी बारीक वाजतं, असं दुकानदार म्हणाला होता,” सासूबाई म्हणाल्या. “मला नाही येत ऐकू. तुला येतं?”

“येतं,” तो म्हणाला. “छोटी घंटा आहे.”

“मग उभा काय राहिलास? बस, ऐक की. एवढा महागाचा आणलाय.”

तो तिथेच जमिनीवर बसला. घंटा वाजली की त्याचा चेहरा कसा होतो, ते सासूबाई गाणं संपेपर्यंत बघत राहिल्या.