त्या दोघांचं भांडण

वॉर्डबॉय तोतारामने जेवणाचं ताट बुटाच्या टोकाने अठरा नंबरच्या खाटेपर्यंत ढकललं आणि दारातूनच ओरडला, "ए अठरा, गीळ!"

"ठेवा, भाऊ," देवचंदभाऊ म्हणाले. एसटीत कंडक्टरकी करताना शेंबड्या पोरालाही त्यांनी कधी अरे म्हटलं नव्हतं. तोताराम हसला आणि निघून गेला.

ते दवाखान्यात आले तेव्हा पुष्पा सिस्टरने स्वतः चादर अंथरली होती. "या देवचंदभाऊ, तुमच्याच गाडीने अमळनेरला माहेरी जायचे मी," असं म्हणाली होती. मग मुंबईहून रक्ताचा रिपोर्ट आला. त्याच दुपारी खाट व्हरांड्याच्या टोकाला, मोडक्या कपाटांच्या शेजारी गेली. देवचंदभाऊ आधी 'तू' झाले, मग 'तो', मग नुसतेच 'अठरा'. डॉक्टर खांबापाशी थांबून सिस्टरला विचारायचे, "आहे का अजून?" शेजारच्या वॉर्डातली माणसं आपल्या पोरांना तिकडच्या नळावर जाऊ देत नसत.

लिलाबाई नवऱ्याचं सगळं करत होत्या. हगणं-मुतणं काढायचं, तोंडातले फोड पुसायचे, चमच्याने पेज पाजायची. बोलत मात्र नव्हत्या. रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी एकदाच विचारलं होतं, "तुम्हले हाऊ रोग कसा व्हयना?" देवचंदभाऊंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर लिलाबाईंनी नवऱ्याशी एक शब्द काढला नाही. पेज पाजतानासुद्धा त्या चमच्याकडेच बघायच्या.

मग एका दुपारी पेज ओठांतून बाहेर आली. लिलाबाईंनी पदराने ती पुसली, पुन्हा चमचा लावला. मग चमचा वाटीत ठेवला आणि बसून राहिल्या.

सिस्टर आली. रबरी हातमोजे चढवून तिने लांबूनच हात पुढे करून नाडी बघितली आणि आपल्या टेबलावरचा फोन उचलला.

"अठरा नंबरचं गेलं एकदाचं. प्लास्टिक घेऊन या. नाही, आमचं कोणी हात लावणार नाही."

लिलाबाई उठून टेबलापाशी आल्या.

"गयं नका म्हनू, बाई. गयात म्हना."

सिस्टरने फोनवर हात ठेवला. "काय?"

"मन्हा मालक व्हतात. गयात म्हना."

"अगं बाई, कुठे कुठे शेण खाऊन आला, तुलाही रोग लावून गेला असेल, आणि तू मला शिकवतेस? असल्याला कसला मान?"

तोताराम दारात येऊन उभा होता. तोही फिसकन हसला.

लिलाबाईंचा आवाज चढला नाही.

"ते मन्हं नि त्यासनं भांडन शे, बाई. तुमनं नही."

फोनच्या पलीकडून कोणीतरी हॅलो, हॅलो करत होतं. लिलाबाई तिथून हलल्या नाहीत. टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्याच राहिल्या.

सिस्टरने खिडकीकडे तोंड वळवलं. फोन पुन्हा कानाला लावला.

"ऐकलं का? अठरा नंबरचे पेशंट गेले." जरा थांबून ती म्हणाली, "हो, आता ती राहिली. पाठवते रक्त तपासायला. हातमोजे घालूनच बघा तिला."

लिलाबाईंनी पुढचं ऐकलंच नाही. नळाखाली बादली लावून त्या भरेपर्यंत उभ्या राहिल्या. मग ती खाटेपाशी आणून ठेवली, नवऱ्याच्या अंगातल्या सदऱ्याची गुंडी काढली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या,

"पानी थंडं शे. जराशीक सोसा."