निरोगी नमुना

पाठीमागे सगळे बाईंना पाणपोई म्हणत. हाताशी कायम बाटली, दोन वाक्यं झाली की एक घोट. त्यांना हे नाव ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. तळघरातली प्रयोगशाळा, खिडकी नाही, यंत्रांनी सुकवलेली हवा, तहान लागायचीच, असं त्या म्हणायच्या. आणि आजारी माणसाचं तोंड कोरडं का पडतं, हाच तर बाईंचा जन्माचा अभ्यास. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

घरी म्हातारी आई होती. तिने एकदा जेवताना टोकलं, चिमे, पावाचा घास पाण्याशिवाय खाली उतरतच नाही का गं तुझ्या? बाईंनी हसण्यावारी नेलं. पण ते बोलणं पाठ सोडेना. दुसऱ्या दिवशी तपासणीला जाणाऱ्या रुग्णांच्या नळ्यांमध्ये त्यांनी आपल्या रक्ताची एक नळी खोट्या नावाने सरकवून दिली. निकाल आला तो स्पष्ट, शंकेला जागाच न ठेवणारा. ज्या रोगावर त्या आयुष्यभर बोलत आल्या, तोच रोग.

रोग घरभेद्याचा आहे. ओठाच्या आत जीभ फिरवली की बारीक गाठी लागतात, त्या लाळेच्या ग्रंथी. भिंगाखाली बघावं तर द्राक्षांचे इवलेसे घड. मज्जातंतूकडून हुकूम आला की पेशीच्या आत कॅल्शियम उसळतं, पाण्याची दारं उघडतात आणि लाळ सुटते. या रोगात शरीराच्याच पांढऱ्या पेशी, म्हणजे घरचेच पहारेकरी, लाळ वाहून नेणाऱ्या नळ्यांभोवती वेढा घालून बसतात. काही पेशी मरतात. पण ज्या जगतात त्याही पाणी देत नाहीत, हुकूम येतो आणि त्या ढिम्म बसून राहतात. शिवाय पहारेकरी बिनबोलावता येत नाहीत, ग्रंथीच्या पेशीच रसायनं सोडून त्यांना हाका मारतात. आधी हाक की आधी पहारेकरी, यावर भल्याभल्यांनी डोकी फोडून घेतली होती.

बाईंच्या हाताखालच्या मुलीने याचं उत्तर काढलं होतं. तिचं नाव टकळी, कारण तोंडाला विश्रांती म्हणून नाही. तिने दाखवून दिलं होतं की निरोगी ग्रंथीच्या पेशीसुद्धा तशाच हाका मारतात. म्हणजे हाकेत खोट नाही, खोट पहारेकऱ्यांत. प्रबंध छापून तयार होता, बाहेरगावचे परीक्षक निघाले होते आणि तोंडी परीक्षा झाली की दुसऱ्या शहरात नोकरी तिची वाट पाहत होती.

आता या निरोगी पेशी कुणाच्या? धडधाकट माणूस कशाला ओठ कापून देईल? फार वर्षांपूर्वी कुणीच मिळेना तेव्हा बाई स्वतःच खुर्चीत बसल्या आणि शल्यचिकित्सकाला म्हणाल्या, घ्या माझाच. भिंगाखाली तो तुकडा कसा लख्ख होता, नळ्यांभोवती पहारेकऱ्याचा मागमूस नाही. त्यातल्या पेशी काचेच्या ताटलीत अशा फोफावल्या की बस. त्या गोठवून ठेवल्या, आणि पुढे ज्याला निरोगी पेशी हव्यात त्याने टाकीतली एक कुपी काढून वितळवायची, असा तिथला रिवाजच पडून गेला. त्या तळघरात निरोगी म्हणजे बाई.

रोग अलीकडचा असेल, या आशेवर त्यांनी दोन दिवस काढले. मग आठवलं, ओठ दिला त्या दिवशी थोडं रक्तही घेतलं होतं. ते अजून गोठवलेलं होतं. सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी ते तपासलं. त्या रक्तातसुद्धा तेच. सुटकेची शेवटची फट बुजली. खुर्चीवर बसून त्या रडल्या, तर डोळ्यांतूनही पाणी येईना. त्या मेल्या रोगाने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरडी. बोलावं तर पोरीची सगळी वर्षं पाण्यात. गप्प बसावं तर औषध घेता येत नाही, कारण या रोगाचा डॉक्टर याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसतो आणि या पेशी कुणाच्या ते त्याला पक्कं ठाऊक. टकळी रोज येऊन परीक्षेचं भाषण म्हणून दाखवी. निरोगी पेशींमध्येसुद्धा, असं ती म्हणाली की बाईंची जीभ टाळूला चिकटे. त्या मान डोलवत, एक घोट घेत, आणि स्वतःच्या भित्रेपणाची त्यांना शिसारी येई. जावं म्हटलं तर कुठे जाणार, तोंड काही घरी ठेवून येता येत नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी टकळी आभाराचं पान घेऊन आली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की मॅडमनी आपल्या ओठाचा तुकडा दिला नसता तर हे काम उभंच राहिलं नसतं. बाईंनी ते वाचलं. बाटली पालथी केली तर रिकामी. टकळी ती भरून आणायला उठली, तशी बाईंनी तिचं मनगट धरलं.

"बस. त्या पेशी निरोगी नाहीत. मला तोच रोग आहे. ओठ दिला तेव्हाही होता."

टकळी कितीतरी वेळ बोललीच नाही. त्या खोलीत असं कधी झालं नव्हतं. मग तिने विचारलं, कधी कळलं. बाईंनी खरं ते सांगितलं.

"आणि तरी रोज माझं भाषण ऐकत बसलात?"

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माफी मागायचं धाडससुद्धा त्यांना झालं नाही. टकळी उठली ती दाराकडे जाईल असं त्यांना वाटलं, पण ती कपाटाकडे गेली. बाईंच्या ओठाची जुनी काच काढून तिने भिंगाखाली लावली आणि बराच वेळ डोळा लावून बसली.

"इथे पहारेकरी एकही नाही," ती म्हणाली. "हाक मात्र आहे, ती मीच मोजलीय."

बाई उठून उभ्या राहिल्या. घाबरलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही, तसं त्यांचं झालं होतं. आधी हाक होती. कुणीही येण्याआधी, कितीतरी वर्षं, त्यांच्याच पेशी आतून हाका मारत होत्या, आणि त्यालाच सगळे निरोगीपण समजून मोजत बसले होते. पण एका बाईच्या ओठावर काही सिद्ध होत नाही. ते दोघींनाही ठाऊक होतं. टकळीने परीक्षकांना फोन लावला आणि परीक्षा पुढे ढकला म्हणून सांगितलं.

मग ती म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून करायचं तर खरोखरचं निरोगी माणूस लागेल. माझाच ओठ घ्या. बोलता बोलता तिने खालचा ओठ बोटाने ओढून धरला आणि तशीच थांबली. हात हळूहळू खाली आला.

"मॅडम, माझ्या तोंडाला कोरड पडलीय. ही भीतीचीच ना?"

आयुष्यभर हाच अभ्यास केलेल्या बाईंना हो म्हणावंसं फार वाटलं. पण त्यांनी खणातून रिकामी नळी काढली आणि तिला बाही वर करायला सांगितलं.