डोक्यावर उभा राहिलेला फ्रीज

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो, आणि तोही रॉकेलवर चालणारा. हसू नका! माझ्या पोटाखाली दिवा जळायचा आणि पोटात बर्फ व्हायचा. आग पेटवून गारवा मिळतो, यावर काशिता गावात आधी कोणाचा विश्वासच बसेना. मी एका दिवसात सगळ्यांची तोंडं बंद केली.

हे गाव झांबियात, बांगवेउलूच्या दलदलीकाठी आहे. तांब्याच्या खाणींच्या शहरातून पास्टर चिसांगा, त्यांची नर्स बायको म्वापे आणि लेक कासुबा इथे चर्च आणि दवाखाना चालवायला आले, त्यांच्याबरोबर मीही आलो. पण कसा? ट्रकवाल्या कातोंगोने मला घाईत चक्क उलटा चढवला होता. पाय वर, डोकं खाली!

"अरे, बकरीसुद्धा कोणी अशी आणत नाही!" पास्टर कडाडले.

"पोहोचला ना पास्टर? मग झालं तर," कातोंगो म्हणाला आणि दात काढून हसला.

पास्टरांनी त्याला सगळ्या गावादेखत झापलं. मला मात्र त्या प्रवासानंतर अशी काही तरतरी आली, की माझ्यातलं पाणी दगड झालं.

मग माझी खरी नोकरी सुरू झाली. पहाटे म्वापेबाई चूल पेटवण्याआधी माझी वात कापायच्या. ज्योत निळी दिसली की घर प्रार्थनेला बसायचं. पास्टर सायकलवरून लांबच्या वाड्यांकडे निघायचे, बाई दवाखान्यात आणि कासुबा शाळेत. संध्याकाळी मक्याची घट्ट उकड, सुकी मासळी आणि दिवसभराच्या गप्पा. माझं दार सकाळ-संध्याकाळच उघडायचं, कारण माझ्यात लसी असत. एकदा बिशपसाहेब उन्हातून आले, तेव्हा पास्टर हळूच माझ्याकडे वळले.

"कासुबाचे बाबा, हात मागे! साहेबांना मडक्यातलं पाणी द्या," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. बिशपसाहेब मडक्यातलंच पाणी प्यायले. मला फार अभिमान वाटला.

आणि मग तो गुरुवार आला. दलदलीतल्या बेटांवर गोवर पसरला होता. जिल्ह्याची गाडी लसी देऊन परत गेली होती आणि शनिवारी बेटांवरच्या आया होड्यांतून मुलांना आणणार होत्या. त्यातली चोला बुधवारीच येऊन ओसरीवर राहिली होती. तिचा मोठा मुलगा गोवरानेच गेला होता. मांडीवरच्या तान्हीला ती क्षणभर खाली ठेवत नव्हती.

नेमका त्याच गुरुवारी मी गार होईनासा झालो.

बाईंनी वात कापली, धुराडं घासलं. ज्योत निळी झाली, पण पोटात गारवा नाही. मित्रांनो, मला रडू येत होतं. पास्टरांनी माझ्यावर हात ठेवून डोळे मिटले.

"प्रार्थना करा, पण लसी आधी पेटीत घालू द्या," बाई म्हणाल्या. माझ्यात उरलेला बर्फ काढून त्यांनी लसी गारव्याच्या पेटीत भरल्या. बर्फ थोडाच होता. शनिवार सकाळपर्यंत तो पुरणार नव्हता.

"बाई, माझ्या लेकीची सुई चुकणार का?" चोलाने विचारलं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "कासुबाचे बाबा, हा सगळ्यात गार कधी होता?"

"आला तेव्हा. त्या गाढवाने उलटा आणला होता, तरी..." पास्टर थांबले.

"तरी नव्हे, म्हणूनच असेल! आत औषधी पाणी फिरतं ना, ते तुंबलं असेल. धरा एका बाजूने."

"अगं, मी कातोंगोला सगळ्या गावादेखत झापलंय!"

"मग माफीही गावादेखत मागा. उचला!"

रॉकेलची टाकी काढून त्यांनी मला डोक्यावर उभं केलं. चोलाने तान्हीला कासुबाकडे दिलं आणि कमरेचं कापड घट्ट खोचून तीही हात लावायला आली. शुक्रवारभर मी तसाच उभा होतो, पोटात नुसती गुडगुड. बघायला आलेलं गाव हसत होतं. हसू दे! सूर्य मावळताना मला सरळ करून थोडा विसावा दिला, मग दिवा लावला. शनिवारी उजाडलं, तेव्हा पेटीतला बर्फ विरघळत आला होता आणि माझ्यात नवा धरला होता. लसी परत माझ्या पोटात आल्या. होड्या लागल्या. पहिली सुई चोलाच्या लेकीला. केवढा गळा काढला तिने! तेवढं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

रविवारी पास्टरांनी भर चर्चमध्ये माफी मागितली. मासळी न्यायला आलेला कातोंगो मागच्या बाकावरून म्हणाला, "पोहोचली, पास्टर!"

आता दवाखान्यात उन्हावर चालणारा नवा फ्रीज आहे. मी ओसरीवर असतो, दार गंजलंय. परवा भंगारवाला मला हलवून बघत होता. कासुबाही म्हणाली, "दे ना आई, बंद तर पडलाय."

तेवढ्यात एक उंच मुलगी आली आणि माझ्यातली वाळवीपासून जपलेली गाण्यांची पुस्तकं भराभर काढू लागली. ती चोलाची लेक. रविवारी गाणाऱ्या मुलींत सगळ्यात पुढे हीच उभी असते.

"बंद कुठे? तिला विचार," म्वापेबाई म्हणाल्या. भंगारवाला निघून गेला.

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी थकून बंद पडलं, वस्तू असो की माणूस, तर लगेच दाराबाहेर काढू नका. जरा हलवून, उलटसुलट करून बघा. निदान विचारा तरी. मला विचारलंत, तर मी अजूनही डोक्यावर उभा राहायला तयार आहे.