सशाऐवजी बदक

ऐका ना, आधी पूर्ण ऐका, मग हसा. आमच्या लॅबमध्ये मतदानाचं एक नकली मशीन आहे. बटण दाबलं की काचेमागे चिठ्ठी दिसते. उमेदवार कोण, तर ससा, बदक आणि कासव. आणि आम्ही मुद्दाम चिठ्ठीवर भलताच प्राणी दाखवतो. लोक चिठ्ठी बघतात का, हेच तर ताईला शोधायचंय. ताई म्हणजे माझी सीनियर. पीएचडी अजून व्हायचीय, पण आम्ही तिला आत्तापासूनच डॉक्टरीणबाई म्हणतो.

तर माणसं कमी पडली म्हणून मी माझ्या मावशीला नेलं. तिने ससा दाबला, बदक आलं. बाई काही न बोलता बाहेर. ताईने टिपलं, ‘चिठ्ठी बघितली नाही’. जवळजवळ सगळ्यांचं हेच. आणि खरं काय ते प्रयोग संपेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असा नियम.

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे जेवायला असताना मावशी काकांना म्हणते कशी, "यंदा मतदानाला तुम्ही एकटेच जा."

"का गं, रुसलीस की काय?"

"माझं बोट आता भलतीकडेच पडतं. ससा दाबला, बदक उमटलं. उगाच कशाला कुणाचं वाटोळं करा."

दर वेळी रांगेत पहिली उभी राहणारी बाई ही. कसंबसं तोंड शिवलं आणि सकाळी थेट लॅब गाठली. "ताई, तिने बघितलं होतं गं. तिला वाटलं, चूक तिचीच."

ताईने नोंदवही पुढे ओढली. "म्हणजे जे गप्प बसले, त्यांना आपण आंधळं ठरवलं."

"मग आता?"

"आता काय, वर्षभराचं काम पाण्यात. पण ते नंतर बघू. रविवारी खरं मतदान आहे, आजच सगळ्यांना फोन लाव."

मावशीला तिने स्वतः फोन केला, माफी मागितली, सगळं सांगितलं. मावशीने पहिलं हेच विचारलं.

"म्हणजे माझं बोट धड आहे?"

"अगदी धड. मशीनमध्ये चूक आम्हीच घातली होती."

"मग तेवढं लिही हो तुझ्या प्रबंधात."

रविवारी मावशी रांगेत पहिली. आत गेली ती येईचना. काका बाहेर घामाघूम. आली तेव्हा म्हणाले, "इतका वेळ काय करत होतीस?"

"चिठ्ठी वाचत होते."