बर्फीचे पेढे

दिवाळी सरली की आमच्या बंगल्याचे मालक लोणावळ्यातनं मुंबईला माघारी जातात आणि जाताना उरलेल्या मिठाईचे खोके माज्या हातात देतात. "अनिता, मुलांना दे." मुलं कुटली? माजी एकुलती एक कोमल, तीबी लगीन होऊन सासरी गेलेली. मागल्या खोलीत राहतो ते मी आणि माजा नवरा कैलास, बंगल्याची राखण करणारा. दोन म्हातारी माणसं, आन् समोर सतरा खोके!

पण मी टाकत न्हाई. बेडसे गावची लेक हाय मी, शिळ्या भाकरीचे कुटके खाऊन वाढलेली. सोनपापडी कणकेत मळून पोळ्या लाटायच्या. गुलाबजामचा पाक उरला की त्यात शंकरपाळ्या. काजूकतली दुधात उकळली की खीर. लाडू कुस्करून शिऱ्यात घातले की साखर वाचती. आणि बर्फी, कलाकंद, आणखी काय काय रंगीबेरंगी असतं ते सगळं एका कढईत. वर मूठभर खवा टाकून बारीक आचेवर परतायचं, गोळा झाला की ताटाला तूप लावून थापायचं आणि वड्या पाडायच्या. नवी कोरी बर्फी! खाणाऱ्याच्या बापाला कळत न्हाई.

यंदा कोमल दुसऱ्या बाळंतपणाला आली व्हती. रीतीनं दुसरं सासरी व्हायचं, पण तिचं सासर आंदर मावळात, एसटीचा भरवसा न्हाई, दवाखाना लांब. म्हणून थोरलीला, आर्वीला, कडेवर घेऊन इकडंच आली. सोडायला आलेला जावई, अमृत, जाताना उंबऱ्यात तिला म्हणला, "यंदा मुलगाच पायजे. न्हाईतर आईपुढं मी काय तोंड दावू?" जसं काय पोर तिनं दुकानातनं निवडून आणायचं व्हतं!

भाऊबीज झाल्यावर तिची सासू भागुबाई बघायला आली. मी कढईशी बसलेली. गोळा तयार, ताटाला तूप लावत व्हते.

"काय चाललंय विहीणबाई?"

"बर्फी करतीय. बसा, ताजी ताजी खाऊन जावा."

"बर्फी?" बाईचा चेहराच उतरला. "सून माजी पोटुशी, आन् तुमी घरात बर्फी थापताय? अपशकून करताय व्हय?"

आमच्याकडं मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. कुणी ठरवलं देव जाणे. कढई तीच, खवा तोच. गोल वळला की मुलगा, वडी पाडली की मुलगी. मला हसू आलं. भागुबाई हसली न्हाई. तिनं पदर खोचला, ताट बाजूला सारलं आणि बसली पेढे वळायला. गोळा चटचट भाजत व्हता, तरी बाई हटली न्हाई. डबा भरल्यावरच उठली.

"ह्यो फ्रीजरात ठेवा," म्हणली. "एकालाबी हात लावायचा न्हाई. नातू झाला की गावात हेच वाटीन."

कोमल खाटेवरनं सगळं बघत व्हती. त्या दिवसापासनं तिनं फ्रीजातलं पाणी घेणं सोडलं. मला म्हणली, "दार उघडलं की डबा दिसतो गं."

मुलगी झाली. ठणठणीत, रडली तर सगळा दवाखाना जागा करणारी. मी लगेच भागुबाईला फोन लावला. "मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

"बरं." मग, "डबा हाय का?"

"हाय."

"असू द्या." आणि फोन ठेवला. पोर केवढी हाय, सुनेनं घोटभर चहा घेतला का, एका शब्दानं विचारलं न्हाई. अमृत एकदा येऊन गेला. बाळ पुढं केलं तर म्हणला, "नको, मला सर्दी झालीय." सर्दी म्हणं! पाचवीला तिकडनं कुणी फिरकलं न्हाई. बारशाचं विचारलं तर, "बघू."

बघू! माजं डोकंच फिरलं. माज्या लेकीनं काय चोरी केली व्हती? कोमल घरी आल्यावर एका दुपारी मी सरळ डबा भाईर काढला आणि कढई चुलीवर ठेवली.

"काय करतीस आई?"

"बर्फी करते. मुलगी झालीय ना? मग बर्फीच. तुज्या सासरी जाऊन दारोदार वाटते. सांगते सगळ्यांना, भागुबाईच्या हातचीच हाय, घ्या. बघते कोण तोंड वाकडं करतंय."

"अगं, पोरीला तितं नांदायचंय," कैलास दारातनं म्हणले.

"मग मान खाली घालून नांदायचं व्हय? तुमी गप बसा!"

मी पहिला पेढा कुस्करायला घेतला. कोमल उठली. टाके ओले, भिंतीला धरून धरून आली. मला वाटलं, आता ही म्हणंल, आई, मीबी येते तुज्यासंगं. तिनं माज्या हातातला पेढा काढून घेतला आणि परत डब्यात ठेवला.

"मोडू नको आई. पुढच्या बारीला लागतील."

"पुढच्या? अगं, अजून धड चालता येईना तुला!"

"सकाळी सासूबाईंचा फोन आलता," ती खाली बघत म्हणली. "तिसरं लगेच करणार असशील तर बारशाला येते म्हणल्या. मी व्हय म्हणलं."

माज्या अंगाची लाही लाही झाली. भागुबाईला शिव्या देऊ का हिला, समजंना. शेवटी तोंडातनं निघालं ते भलतंच. "पेढे तवर टिकत न्हाईत गं बाई."

"बर्फाच्या कप्प्यात पार मागं ठेवते."

तिकडं बाळ उठलं, रडायला लागलं. कोमलनं आधी डबा फ्रीजरात सारला, दार नीट लागलं का ते दाबून बघितलं, आणि मग बाळाला घ्यायला गेली.